काळ्या मातीत न अडकणारी सायकल: इंदूरच्या पावसाळ्यासाठी सायक्लोक्रॉसची तयारी

माझा भाचा नोकरीसाठी पुण्याहून इंदूरला आला, तेव्हा एक जुनी पण बऱ्या अवस्थेतली सायक्लोक्रॉस सायकल सोबत घेऊन आला. मे महिन्यातल्या शेवटच्या रविवारी त्याने ती आमच्या रामबागेतल्या अंगणात आणून उभी केली आणि विचारलं, "आत्या, पाऊस लागला की चोरलच्या घाटात जायचंय. हिला काय काय करावं लागेल?" सकाळी सातला हात लावला तो जेवणाची वेळ टळून गेल्यावरच आम्ही उठलो. त्या दिवशी जे केलं ते त्याच क्रमाने इथे लिहिते. ज्यांनी अशी सायकल नुकतीच घेतली आहे आणि पहिला पावसाळा अजून बघायचा आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. मालव्यात पाऊस साधारण जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात लागतो, म्हणून ही कामं त्याआधी उरकून घ्या. ओल्या अंगणात ग्रीसचं काम नीट होत नाही.

सुरुवातीला या सायकलीबद्दल थोडं. वरून ती रेसिंग सायकलीसारखी दिसते, तेच वाकडं हँडल, तशीच हलकी फ्रेम. पण पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यात आणि मागच्या दांड्यांमध्ये जागा जास्त असते, पायडलचा आस जमिनीपासून थोडा वर असतो आणि ब्रेक-गिअरच्या वायरी बऱ्याचदा वरच्या दांड्यावरून नेलेल्या असतात, म्हणजे चिखलापासून लांब राहतात. सायक्लोक्रॉस हा खेळ मूळचा फ्रान्सचा. तिथली पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९०२ साली झाली आणि पहिली जागतिक स्पर्धा १९५० साली पॅरिसला. थंडीच्या दिवसांत चिखलातून तासाभराची शर्यत असते, अडथळा आला की सायकल खांद्यावर टाकून पळायचं.

आता यातली एक गोष्ट नवख्या माणसाला कुणी सांगत नाही. त्या शर्यतीत मोठ्या खेळाडूंची सायकल चिखलाने भरली की ते ठरलेल्या जागी ती सोडतात आणि धुतलेली दुसरी उचलतात. पुढच्या फेरीपर्यंत मदतनीस पहिली धुऊन तयार ठेवतात. म्हणजे ही सायकल चिखलात कधी अडकतच नाही असं नाही. अडकली तर बदलायची सोय केलेली असते. आपल्याकडे सायकल एकच, आणि धुऊन देणारंही कोणी नाही. म्हणून शर्यतीची मापं आणि सल्ले जसेच्या तसे उचलू नका. चिखल आत शिरला तरी बाहेर पडायला वाट राहील, हे बघून एकेक वस्तू ठरवा.

माती आधी समजून घ्या

इंदूरच्या भोवती जवळपास सगळीकडे काळी माती आहे. उन्हाळ्यात तिला हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पाणी लागलं की ती फुगते आणि चिकट होते. पाऊस नुकताच पडून गेला असेल तर वरचा थर साबणासारखा निसरडा असतो. पण सायकलीला खरा त्रास पाऊस थांबल्यावर काही तासांनी होतो, जेव्हा माती अर्धी सुकते. मळलेल्या कणकेसारखी ती टायरला चिकटते, त्या थरावर दुसरा थर, त्यात सोयाबीनचं काड आणि बारीक खडे, आणि दहा-वीस फेऱ्यांत चाक चिमट्यात घट्ट बसतं. भर पावसात, माती पातळ असताना, तीच वाट निभावते, कारण पाणी तिला धुऊन नेतं.

माझ्या पहिल्या पावसाळ्यात सिमरोलच्या पुढे शेतातल्या गाडरस्त्याने मी दोन किलोमीटर आत गेले होते. परत येताना मागचं चाक फिरेना. ढकलावी तर टायर घसटत जातो, उचलावी तर मातीने वजन वाढलेलं. बांधावरच्या एका शेतकरीदादांनी बाभळीची काडी मोडून दिली आणि चिखल कुठून ओढायचा ते दाखवलं. टायरच्या दोन्ही बाजूंनी काडी घालायची आणि चाक उलटं फिरवत काढायचा. सुलटं फिरवलं तर तो आणखी आत ओढला जातो. तेव्हापासून काडी माझ्या सामानात असतेच.

जागा मोजा, मग टायर घ्या

त्यामुळे पहिलं काम मोजमापाचं. सहा मिलिमीटरचा ॲलन पाना घ्या. टायरमध्ये पूर्ण हवा भरा आणि तो पाना चार ठिकाणी टायर आणि फ्रेम यांच्यामधून फिरवून बघा: पुढे चिमट्याच्या खांद्याखाली, चिमट्याच्या दोन्ही बाजूंना, मागे पायडलजवळ दोन दांडे जुळतात तिथे, आणि सीटखालच्या आडव्या पुलाजवळ. चारही ठिकाणी पाना न घासता फिरायला हवा. भाच्याच्या सायकलीला आधीच्या मालकाने ४० मिलिमीटरचे टायर बसवले होते. पुढे जागा भरपूर होती, पण मागे पायडलजवळ पाना शिरलाच नाही. पुण्याकडच्या मुरमाच्या वाटांवर ते चाललं असेल, काळ्या मातीत नाही चालणार. आम्ही तिथे ३५ मिलिमीटरचा टायर घातला, आणि पाना सहज फिरला.

रुंद टायर म्हणजे चिखलात चांगला, असा बऱ्याच जणांचा समज असतो. वाळूत आणि सुट्या खडीत ते खरं आहे. चिकट मातीत मात्र थोडा अरुंद टायर बरा, कारण तो वरचा थर कापून खालच्या कडक जमिनीपर्यंत जातो आणि बाजूला चिखल पडायला जागा ठेवतो. जागतिक सायकलिंग संघटनेने या शर्यतींसाठी ३३ मिलिमीटरची कमाल मर्यादा ठेवली आहे. आपल्यावर ते बंधन नाही. डांबरी रस्ता, खड्डे आणि अधूनमधून कच्ची वाट असा इंदूरचा मिश्र प्रवास असेल तर ३५ हे माप मला सगळ्यांत सोयीचं वाटतं. टायरवर छापलेल्या मापावर मात्र विसंबू नका. रिम रुंद असेल तर तोच टायर एक-दोन मिलिमीटर जास्त भरतो, म्हणून बसवल्यावर पुन्हा पाना फिरवून बघाच.

नक्षी निवडताना बघा की मधल्या भागात दाते बुटके आणि जवळजवळ आहेत, कडेला उंच आणि सुटे आहेत. मधल्यांवर डांबरी रस्ता निभतो, आणि वळताना कडेचे माती धरतात. सगळीकडे उंच दाते असलेला टायर बायपासवर घरघरत राहतो, लवकर झिजतो आणि ओल्या डांबरावर वळताना कमी धरतो. टायरच्या बाजूला फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, तो बघूनच चढवा.

खरेदीच्या वेळी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. आपल्या जुन्या काळ्या सायकलींचे २८ इंची टायर आणि आपल्या या सायकलीचे ७०० सी मापाचे टायर दिसायला एकाच मापाचे वाटतात, पण एकाचा रिमवर बसण्याचा व्यास ६३५ मिलिमीटर असतो आणि दुसऱ्याचा ६२२. गावातल्या दुकानात २८चा टायर मिळेल, पण तुमच्या रिमवर तो बसणार नाही. म्हणून एक ट्यूब कायम जवळ हवी आणि लांब जायचं असेल तर जुन्या टायरचा चार बोटं लांब तुकडाही. टायर चिरला तर तो आतून लावून घरी येता येतं.

हवा

सायकलीत एका पैशाचा खर्च न करता सर्वाधिक फरक पडतो तो हवेने, आणि नवखे लोक नेमके इथेच चुकतात. पंक्चरच्या दुकानात टायर दगडासारखा होईपर्यंत हवा भरून देतात. तसा टायर प्रत्येक खड्ड्यावर उडतो आणि ओल्या रस्त्यावर घसरतो.

माणूस ७० किलोचा, टायर ३५चा आणि आत ट्यूब असेल तर मागे ५० आणि पुढे ४५ पीएसआयपासून (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) सुरुवात करा. वजन दहा किलोने जास्त असेल तर चार-पाचने वाढवा, कमी असेल तर तेवढंच उतरवा. पाऊस असेल तर दोन्हीकडे अजून चार-पाच कमी केले तरी चालतं. मात्र ट्यूब असताना ४०च्या खाली जाऊ नका. हवा फार कमी झाली की खड्ड्याच्या काठावर टायर दबून रिमला टेकतो आणि ट्यूबला शेजारी-शेजारी दोन चिरा पडतात. ट्यूबवर अशा जोडीने दोन भोकं दिसली तर काटा शोधत बसू नका, हवा कमी होती. अंगठ्याने दाबून अंदाज घेण्यापेक्षा दाब दाखवणारा काटा असलेला उभा पंप घरी ठेवा आणि दर खेपेला मोजून भरा.

ट्यूबलेस करावं का, हेही भाच्याने विचारलं. रिम आणि टायर दोन्ही त्यासाठीचे असतील तर फायदा खराच आहे: हवा ३५च्या आसपास ठेवता येते आणि सराटा किंवा बाभळीच्या बारीक काट्याचं भोक आत घातलेल्या बुजवणाऱ्या द्रवाने आपोआप बुजतं. तरी मी त्याला पहिला पावसाळा ट्यूबवर काढायला सांगितलं. टायर मोठा चिरला की शेवटी रस्त्यात ट्यूबच घालावी लागते, आणि तो हात आधी बसलेला असला पाहिजे. शिवाय आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो द्रव लवकर सुकतो. दर दोन महिन्यांनी उघडून बघावा लागतो. दिवाळीनंतर निवांतपणे ट्यूबलेस करा.

पावसात पंक्चर झालं तर पॅच लावायच्या फंदात पडू नका. ओल्या रबरावर सोल्युशन धरत नाही. सरळ ट्यूब बदला आणि जुनी घरी सुकवून जोडा. नवी घालण्याआधी टायरच्या आतून कापडाची चिंधी फिरवा. काटा असेल तिथे चिंधी अडकते आणि बोटही वाचतं. बायपासवर ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या केसाएवढ्या तारा पडलेल्या असतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, चिंधीला मात्र सापडतात.

ब्रेक

तुमची सायकल डिस्कची आहे की जुन्या पद्धतीच्या रिमवरच्या ब्रेकची, यावर काम ठरतं.

डिस्क असेल तर आधी पॅड काढून बघा. घासणारा थर एक मिलिमीटरपेक्षा कमी उरला असेल तर पावसाळ्याआधी बदला. ओल्या मातीत पॅड भराभर झिजतात, आणि अर्ध्या घाटात पत्र्यावर पत्रा घासल्याचा आवाज येणं फार वाईट. पॅड दोन तऱ्हेचे मिळतात. रेझिनचे शांत असतात आणि लगेच पकडतात, पण पाण्या-मातीत लवकर संपतात. धातूचे थोडे आवाज करतात, टिकतात जास्त. पावसासाठी मी धातूचे घेते. मात्र आधी डिस्कच्या चकतीवर बघा. काहींवर फक्त रेझिनचेच पॅड वापरा असं लिहिलेलं असतं आणि ते पाळावंच लागतं.

नवे पॅड घातल्यावर रहदारी नसलेल्या रस्त्यावर जा. बऱ्यापैकी वेग घ्या आणि चाक पूर्ण न थांबवता ब्रेकने हळूहळू वेग कमी करा. असं पुढच्या आणि मागच्या ब्रेकला पंधरा-वीस वेळा करा. तोवर ब्रेक लागत नाही असंच वाटेल, घाबरू नका. चकतीला तेलाचा हात लागू देऊ नका. लागलाच तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ कापड.

वायरच्या डिस्क ब्रेकमध्ये बहुतेक वेळा बाहेरचा पॅड हलतो आणि आतला जागेवरच असतो. पॅड झिजले की लोक नुसती वायर ओढून घेतात. त्याने लिव्हर घट्ट लागतो, पण ब्रेकचा हात अर्धा आधीच फिरलेला राहतो आणि जोर कमी मिळतो. आधी आतला पॅड स्क्रूने चकतीच्या जवळ आणा, मध्ये कागद जाईल एवढीच फट ठेवा, मग बाहेरचा. वायरला हात सगळ्यांत शेवटी लावायचा.

रिमवरचे ब्रेक असतील तर हे धरून चाला की पावसात चाकाची पहिली फेरी नुसतं पाणी पुसण्यात जाते, ब्रेक त्यानंतर लागतो. म्हणून उतारावर आधीपासूनच हलका ब्रेक धरून ठेवा. घरी आल्यावर पॅडमध्ये रुतलेले खडे सुईने काढा, नाहीतर ते रिम खातात. आणि सायकल वापरलेली घेतली असेल तर पुढचा ब्रेक कोणत्या हाताला आहे ते चालवण्याआधी बघा. सगळ्या सायकलींना तो एकाच बाजूला नसतो.

मडगार्ड लावावं की नाही

याला एकच उत्तर नाही. रोज ऑफिसला डांबरी रस्त्याने जाणार असाल तर पूर्ण लांबीचं मडगार्ड लावाच. रस्त्यावरचं पाणी म्हणजे नुसतं पाणी नसतं. त्यात डिझेल असतं, शेण असतं, माती असते, आणि ते पायडलच्या आसात, चेनमध्ये आणि तुमच्या पाठीवर जातं. ३५च्या टायरला ४५ मिलिमीटर रुंदीचं मडगार्ड बसतं. पुढच्याच्या खालच्या टोकाला जाड रबराचा फडका जोडा, जमिनीपासून चार बोटं वर राहील एवढा लांब. चेन आणि बूट कोरडे राहतात ते या फडक्यामुळे. मोटारसायकलच्या जुन्या ट्यूबमधून कापलेला उत्तम.

शेतातल्या वाटेवर मात्र हेच मडगार्ड वैरी होतं. टायरभोवती जेवढी जागा मोकळी ठेवली होती तेवढी ते खातं आणि चिखल आत कोंबला जातो. त्याहून धोक्याचं म्हणजे एखादी काडी टायर आणि मडगार्डच्या मध्ये अडकली तर पुढचं चाक जागच्या जागी थांबतं आणि माणूस हँडलवरून फेकला जातो. म्हणून पुढच्या मडगार्डच्या तारा झटका बसताच सुटणाऱ्या क्लिपांनी जोडलेल्या असाव्यात. आम्ही भाच्याच्या सायकलीला पट्ट्याने बांधायचं आखूड मडगार्ड घेतलं. ऑफिसच्या दिवशी लावायचं, रविवारी काढून ठेवायचं.

मडगार्ड लावल्यावर सायकलीवर बसा, पायडल आडवं ठेवा आणि हँडल पूर्ण वळवा. बुटाचं टोक मडगार्डला लागतं का बघा. या सायकलींचं पुढचं चाक पायाच्या जवळ असतं. लागत असेल तर गर्दीत हळू वळताना पाय कुठे आहे त्याचं भान ठेवावं लागेल.

चेन, गिअर आणि ग्रीस

स्टीलची इंचांची पट्टी घ्या. चेनच्या एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवा आणि पुढच्या चोवीस कड्या मोजा. नव्या चेनमध्ये चोविसाव्या कडीनंतरची पिन बरोबर १२ इंचांवर येते. ती दीड मिलिमीटर पुढे गेली असेल आणि मागे अकरा किंवा बारा गिअर असतील तर चेन बदला. दहा किंवा त्याहून कमी गिअर असतील तर दोन मिलिमीटरपर्यंत चालवून घेता येतं. भाच्याची पिन अडीच मिलिमीटर पुढे होती. चेन तर गेलीच, पण नवी घातल्यावर मागच्या दोन लहान दातेरी चक्रांवर ती उड्या मारायला लागली, म्हणजे कॅसेटही (मागच्या चक्रांचा संच) झिजलेली. वापरलेली सायकल घेणाऱ्याने ही पट्टी पैसे देण्याआधी लावावी.

पावसासाठी ओल्या हवामानाचं, घट्टसर चेन ऑइल घ्या. प्रत्येक रोलरवर एक थेंब टाका, पायडल उलटं फिरवा, दहा मिनिटं थांबा आणि जुन्या बनियनने वरचं सगळं पुसून काढा. तेल रोलरच्या आत हवं. वर राहिलेलं तेल फक्त माती धरतं. गंज सोडवणारे पातळ स्प्रे वंगण म्हणून वापरू नका, पहिल्या सरीत धुऊन जातात.

गिअरच्या बाबतीत एकच सांगते. घाट चढायचा असेल तर सगळ्यांत हलक्या गिअरमध्ये पुढच्या आणि मागच्या दात्यांची संख्या जवळजवळ सारखी असावी. शर्यतीसाठी आलेल्या सायकलीला पुढे ३६ आणि मागे २८ असतात. तेवढ्यावर समुद्रसपाटीपासून ८५४ मीटर उंच असलेली जानापावची टेकडी चढताना नवख्याचे गुडघे बोलायला लागतात. मागे ३२ किंवा ३४ची कॅसेट बसते का, दुकानात विचारा. पुढे एकच चक्र असेल तर चिखलात ते अधिक सोयीचं, पुढचा गिअर बदलणारा सांगाडाच नसतो, त्यामुळे माती अडकायची एक जागा कमी.

ग्रीसचं काम कंटाळवाणं वाटेल, पण टाळू नका. माझ्या आधीच्या सायकलीची सीटची नळी जोडणाऱ्याने कोरडीच घातली होती. तीन पावसाळ्यांनंतर ती फ्रेममध्ये अशी धरली की शेवटी कापून काढावी लागली. सीटची नळी किती आत आहे तिथे टेपची खूण करा, नळी बाहेर काढा, आत-बाहेर पुसा आणि पातळ ग्रीस लावून परत घाला. फ्रेम किंवा नळी कार्बनची असेल तर ग्रीस चालत नाही, त्यासाठी वेगळी पेस्ट मिळते. पायडलच्या आट्यांना आणि चाकाच्या आसालाही ग्रीस लावा. डावं पायडल उलट्या आट्यांचं असतं, ते उजवीकडे फिरवून सुटतं. पायडलच्या आसाखाली फ्रेमला एक बारीक छिद्र असेल तर त्यात सुई घालून मोकळं करा. पावसात फ्रेममध्ये शिरलेलं पाणी तिथूनच बाहेर पडतं.

हात, पाय, दिवे, सामान

हँडलवर टेपचा दुहेरी थर द्या, खड्ड्यांत तळवे वाचतात. हँडलची उंची शर्यतीपेक्षा सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर वर ठेवा. पहिल्या पावसाळ्यात पाय अडकवायची पायडलं नकोत. खिळे असलेली रुंद, सपाट पायडलं आणि खाली नक्षी असलेले बूट पुरतात.

मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा. जुलैच्या दुपारी पाऊस जोरात आला की बायपासवर पन्नास पावलांवरची गाडी दिसत नाही. फोनसाठी दुधाची (आमच्याकडे सांची ब्रँडची) धुऊन वाळवलेली पिशवी घ्या, तोंड दुमडून रबर लावा. पाण्याच्या बाटलीला झाकण असलेलंच तोंड हवं. उघड्या तोंडावर चाकाने उडालेलं शेणाचं पाणी बसतं आणि तेच पोटात जातं.

सामानात एक ट्यूब, टायर काढायचे दोन लिव्हर, हातपंप, चेन तोडायची सोय असलेला घडीचा पाना, चेन जोडायची कडी, टायरचा तुकडा आणि ती काडी. बांबूची वीतभर, टोकाला चपटी केलेली. त्यासोबत पितळेचा एक छोटा ॲडाप्टर ठेवा. या सायकलींचा व्हॉल्व्ह बारीक, फ्रेंच पद्धतीचा असतो आणि गावातल्या पंपाचं तोंड त्यावर बसत नाही. नखाएवढा हा ॲडाप्टर व्हॉल्व्हवर फिरवून बसवला की मोटारसायकलची हवा भरतात त्याच पंपाने काम होतं. पंप मोडला तर यावरच घरी याल. मी माझा व्हॉल्व्हवरच बसवून ठेवते, म्हणजे शोधावा लागत नाही.

पहिली फेरी

पहिल्या पावसात थेट घाटात जाऊ नका. रालामंडल किंवा देवगुराडियापर्यंत डांबरी रस्त्याने जाऊन या, घरी येऊन सगळे बोल्ट पुन्हा तपासा. नवी बसवलेली वस्तू पहिल्या वीस किलोमीटरांत थोडी सैल होते. दुसऱ्या खेपेला अर्धा किलोमीटर कच्च्या वाटेवर जा आणि थांबून चाकाभोवती बघा. माती कुठे जमायला लागली ते दिसेल, ती जागा लक्षात ठेवा. टायरची नक्षी दिसेनाशी झाली की उतरा. कडेच्या गवतावरून ढकलत चला, गवत चाक पुसून देतं. हट्टाने पायडल मारत राहिलात तर मागचा गिअर बदलणारा सांगाडा चाकात ओढला जाऊन तुटतो, आणि मग ट्रॅक्टरमधून घरी यावं लागतं.

ओढ्यावरच्या रपट्यांबद्दल, म्हणजे पुराचं पाणी वरून वाहून जातं अशा बुटक्या काँक्रीटच्या पुलांबद्दल, मी अजिबात तडजोड करत नाही. पाणी वाहत असेल आणि खालचा काँक्रीटचा तळ दिसत नसेल तर परत फिरायचं, समोरून मोटारसायकलवाले येत असले तरी. वर डोंगरात पाऊस पडला की खाली ऊन असतानाही लोंढा येतो. २०११ च्या जुलैत इंदूरजवळच्या पाताळपाणी धबधब्यावर असंच अचानक वाढलेल्या पाण्यात माणसं वाहून गेली. पाणी उतरलेलं असलं तरी रपट्यावर शेवाळ असतं. तिथे ब्रेक लावू नका, वळू नका, पायडल थांबवून सरळ जा.

घरी आल्यावर

चिखल वाळायच्या आत धुवा. परतताना राऊला पोहे-जिलेबीसाठी थांबलात तर आधी काडीने मोठी ढेकळं काढा आणि मग बसा. अर्ध्या तासात ती विटेसारखी घट्ट होतात आणि नंतर खरवडताना रंग जातो. गाड्या धुतात तिथला जोराचा फवारा सायकलीवर मारू देऊ नका. पाणी सील ओलांडून बेअरिंगमध्ये जातं, ग्रीस बाहेर काढतं आणि महिन्याभरात चाकातून करकर ऐकू येते. दोन बादल्या पाणी, एक मग आणि मऊ ब्रश पुरे. वरून खाली धुवा, चेन शेवटी, आणि तिचा ब्रश वेगळा. तेल लागलेला ब्रश डिस्कजवळ नेऊ नका.

मग सायकल दोनदा आपटा, फडक्याने पुसा, सीटची नळी काढून सायकल पाच मिनिटं उलटी ठेवा. भाच्याने पहिल्यांदा केलं तेव्हा नळीतून कपभर तपकिरी पाणी आलं. चेन कोरडी पुसून त्याच संध्याकाळी तेल द्या, सकाळवर ठेवलंत तर कड्यांवर लाल गंज दिसेल. शेवटी दोन्ही चाकं हाताने फिरवा आणि कान देऊन ऐका. चकतीवर हलकी घसघस येत असेल तर ती दोन ब्रेकांत जाते. पायडलच्या आसाजवळ खरखर आली, किंवा पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवल्यावर हँडलखाली टकटक लागली, तर त्या आठवड्यातच मिस्त्रीकडे न्या.